जॉलाइनची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबड्याची ठेवण बदलून घ्यावी की नाही, या विचारात असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जॉलाइन सर्जरी म्हणजे नेमकं काय करतात?

या नावाचं एकच एक ऑपरेशन नाही. हनुवटीचं हाड कापून पुढे-मागे सरकवणं (जेनिओप्लास्टी), हनुवटीवर किंवा जबड्याच्या कोनांवर (कानाखालच्या कोपऱ्यांवर) इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम तुकडा, बसवणं, रुंद कोन घासून किंवा कापून कमी करणं, हनुवटीखालची चरबी काढणं, मानेची सैल कातडी ताणून घेणं, हे सगळं याच नावाखाली खपतं. संपूर्ण जबडा हलवण्याची शस्त्रक्रिया याहून मोठी आणि वेगळी असते. ती मुख्यतः चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, सुधारण्यासाठी करतात (प्रश्न १५ पाहा). म्हणून "जॉलाइन करून घेतली" एवढ्यावरून त्या माणसाने काय सोसलं आणि काय मिळवलं, याचा काहीच अंदाज येत नाही.

२. माझी जॉलाइन दिसतच नाही. मला यातलं कुठलं ऑपरेशन लागेल?

आधी ती का दिसत नाही ते शोधावं लागतं. कारण हाडात असू शकतं, चरबीत, स्नायूत, कातडीत किंवा दातांच्या चाव्यात. बहुतेकांत दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. चुकीच्या थरावर केलेलं उत्तम ऑपरेशनही वाया जातं, आणि निराश झालेल्या रुग्णांच्या तक्रारींत हीच गोष्ट सर्वांत जास्त आढळते असं माझं मत आहे.

घरच्या घरी थोडी कल्पना येते. हनुवटीखाली चिमटीत जाड, मऊ थर येत असेल तर चरबीचा वाटा आहे. दातांवर दात घट्ट दाबल्यावर गालाच्या मागच्या खालच्या भागात टणक उंचवटा फुगत असेल तर तो चावण्याचा स्नायू, म्हणजे मॅसेटर. आरशासमोर ओठ सहज मिटून पाहा. ते मिटायला जोर लागत असेल आणि त्या जोरात हनुवटीच्या कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटत असतील, तर हनुवटीचं हाड मागे आहे किंवा चेहऱ्याचा खालचा भाग लांब आहे असं समजायला जागा आहे. हे लक्षण सर्जनला आवर्जून दाखवा.

एक अवयव लोक विसरतात: गळ्यातलं हायॉइड नावाचं छोटं हाड. ते मुळातच खाली आणि पुढे असेल तर हनुवटी आणि मान यांच्यातला कोन उथळ राहतो. अशा माणसाने कितीही वजन घटवलं किंवा चरबी काढली तरी रेखीव मान मिळत नाही. चांगला सर्जन हे आधीच सांगतो.

३. सेल्फीत हनुवटी फारच लहान दिसते. ती खरंच तेवढी लहान आहे का?

सेल्फीवरून ठरवू नका. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ असला की पुढचा भाग मोठा दिसतो आणि मागचा आकसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं आहे की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. ५ फुटांवरून हा दोष जवळजवळ राहत नाही. नाक मोठं दिसलं की त्याच्या शेजारी हनुवटी आपोआप दुबळी वाटते. दुसऱ्या कुणाला ५ फुटांवर उभं करून, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला ठेवून, मान सरळ असताना समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या. सल्लामसलतीला तेच फोटो न्या.

४. हनुवटीत इम्प्लांट बसवावं की हाडच पुढे घ्यावं?

हाडाची उणीव थोडी असेल, ती फक्त पुढच्या दिशेने असेल आणि चावा ठीक असेल, तर इम्प्लांटने काम होतं. ऑपरेशन लहान असतं, हाड कापावं लागत नाही आणि न आवडल्यास ते काढता येतं. मात्र ती शरीराबाहेरची वस्तू आहे. तिला जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या अँटिबायोटिक्सनी भागेलच असं नाही, पुष्कळदा ती काढावी लागते. ती सरकू शकते, तिरकी बसू शकते. तिच्या दाबाने खालचं हाड थोडंफार झिजणंही ठाऊक आहे. ते बहुधा हळू आणि किरकोळ असतं, पण इम्प्लांट वर सरकून दातांच्या मुळांजवळ आलं असेल तर दुर्लक्ष करून चालत नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट गुळगुळीत असल्याने सहज निघतं. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये शरीराच्या पेशी शिरतात, त्यामुळे ते घट्ट बसतं आणि त्याच कारणाने काढायला अवघड जातं.

जेनिओप्लास्टीत हनुवटीचा खालचा तुकडा दातांच्या मुळांच्या खालून आडवा कापतात, हव्या जागी सरकवतात आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूंनी बसवतात. तुकडा पुढे-मागे घेता येतो, उंची कमी-जास्त करता येते, वाकडी हनुवटी मध्यावर आणता येते. इम्प्लांटला हे सगळं जमत नाही. हाड आपलंच असल्याने एकदा जुळून आलं की पुढची कटकट कमी. उणे बाजू अशी की ऑपरेशन मोठं, भूल पूर्ण, नसेला धोका जास्त (प्रश्न ७), आणि कापलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना हाडाची पायरी बोटाला लागू शकते.

आणखी एक हिशेब माहीत असू द्या: हाड १० मिलिमीटर पुढे घेतलं तर वरची कातडी साधारण ८ ते ९ मिलिमीटर पुढे येते. हनुवटी मागे घेताना किंवा लहान करताना मात्र कातडी हाडामागोमाग तितकी जात नाही. म्हणून वाढवण्याचं ऑपरेशन जास्त भरवशाचं आणि कमी करण्याचं कमी भरवशाचं, हे लक्षात ठेवावं.

५. माझा चेहरा खाली रुंद आहे. कोन कापून 'व्ही' आकार करून घेतला तर?

मॅसेटर स्नायूच जाड असेल तर हाडाला हात लावायची गरज नाही (प्रश्न १०). हाड खरोखर रुंद असेल तर कोन कमी करता येतात, पण या सगळ्या प्रकारांत मी सर्वांत सावध राहायला सांगेन ते इथेच. काम तोंडाच्या आतून, खोलवर, मर्यादित नजरेने चालतं. जवळून मोठ्या शिरा जातात आणि खालच्या जबड्याची नस हाडाच्या आतूनच जाते. करवत चुकीच्या दिशेने गेली तर हाड कानाजवळच्या सांध्यापर्यंत मोडू शकतं. प्रमाणाबाहेर कापलं तर जबड्याची नैसर्गिक कमान जाऊन कडेवर दुसराच विचित्र कोन तयार होतो. शिवाय आधाराचं हाड गेल्याने वरची कातडी आणि चरबी लोंबू शकते. तिशी-चाळिशीनंतर हे ठळक दिसतं. कापलेलं हाड परत येत नाही.

६. या सगळ्याचा फायदा खरोखर किती होतो?

ज्याची हनुवटी मोजमापाने मागे आहे, ज्याची तक्रार नेमकी आहे आणि ज्याची अपेक्षा चेहऱ्यापुरतीच आहे, त्याला चांगला फायदा होतो. नाक, ओठ, हनुवटी यांचा मेळ बसतो, मान लांब वाटते, आणि अनेकांना बाजूने फोटो काढून घ्यायची भीती राहत नाही. हा फायदा खरा आहे. त्याला वरवरचा म्हणून हिणवणं मला पटत नाही. पण नातं जुळेल, नोकरी मिळेल, लोक वेगळं वागतील, या आशेवर ऑपरेशन टेबलावर जाणाऱ्याला चेहरा ठरल्याप्रमाणे बदलूनही रिकामंच वाटतं.

७. सर्वांत महत्त्वाचा धोका कुठला?

माझ्या मते खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा. जबड्याच्या हाडाच्या आत एक बोगदा असतो. त्यातून संवेदनेची नस येते आणि साधारण खालच्या उपदाढांच्या मुळांजवळच्या भोकातून बाहेर पडून ओठ-हनुवटीत पसरते. हाडाचं जवळजवळ कुठलंही काम तिच्या आसपासच होतं. ती ताणली गेली तरी ऑपरेशननंतर ओठ जड, झिणझिणता लागतो. बहुतेकांत संवेदना काही आठवड्यांत ते महिन्यांत परतते, काहींत वर्ष लागतं आणि काहींत थोडा भाग कायमचा बधीर राहतो. चाळिशीनंतर संपूर्ण परतण्याची शक्यता कमी होते.

कागदावर 'संवेदना कमी होणे' एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाणी पिताना थेंब हनुवटीवरून ओघळतो आणि समोरच्याने सांगेपर्यंत कळत नाही. दाढी करताना कापल्याचं रक्त दिसल्यावरच समजतं. चुंबनाचा स्पर्श अर्ध्या ओठाला लागतो, अर्ध्याला नाही. ओठ हलतो नीट, कारण हलवणारी नस वेगळी असते. म्हणून बाहेरून कुणाला काही दिसतही नाही. सही करण्याआधी स्वतःला विचारा: चेहरा मनासारखा झाला आणि हे एवढं कायमचं राहिलं, तर सौदा मान्य आहे का? उत्तर 'नाही' असेल तर हाडाचं ऑपरेशन करू नका.

८. बाकी काय बिघडू शकतं?

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दोन बाजूंत फरक, हाड उशिरा जुळणं किंवा न जुळणं, दातांच्या मुळांना इजा. ओठाचा कोपरा खाली ओढणारी, चेहऱ्याच्या नसेची बारीक फांदी जबड्याच्या कडेलगत असते. ती दुखावली की हसू वाकडं होतं, बहुधा तात्पुरतं. हनुवटीचा स्नायू टाके घालताना नीट परत बसवला नाही तर हनुवटी लोंबते आणि खालचे दात जास्त दिसू लागतात. पूर्ण भुलीचे स्वतःचे धोके वेगळे. निरोगी तरुण माणसात ते कमी असतात, शून्य नसतात.

९. छेद तोंडाच्या आतून घेतात, म्हणजे व्रण राहतच नाही ना?

बाहेर राहत नाही. १९५७ मध्ये ह्यूगो ओब्वेगेझर यांनी जबड्याच्या शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून करण्याची पद्धत मांडली आणि चेहऱ्यावरचे व्रण टळले. पण तोंड जंतूंनी भरलेलं असतं, म्हणून स्वच्छतेची जबाबदारी वाढते. हनुवटीचं इम्प्लांट काही सर्जन हनुवटीखाली लहानसा छेद घेऊन बसवतात. तो व्रण कालांतराने फिका पडतो.

१०. फिलर आणि बोटॉक्सने भागणार नाही का? ते तर सुरक्षित असतात.

पुष्कळदा भागतं (फिलर म्हणजे कातडीखाली टोचून भर देणारा पदार्थ), आणि निर्णय पक्का नसेल तर तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं आहे. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर न आवडल्यास हायल्युरॉनिडेज नावाच्या एन्झाइमने विरघळवता येतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचं फिलर तसं विरघळत नाही, म्हणून पहिल्या खेपेला कुठलं घालत आहेत ते विचारा.

'सुरक्षित' हा शब्द मात्र जपून वापरा. दात दाबा, मॅसेटरची पुढची कड बोटाने शोधा, आणि तिच्या लगेच पुढे जबड्याच्या खालच्या कडेवर हलकं बोट ठेवा. तिथे ठोके लागतात. ती चेहऱ्याची मुख्य धमनी आहे. फिलर तिच्यात किंवा तिच्या फांदीत गेलं तर पुढची कातडी मरू शकते. क्वचित ते उलट दिशेने डोळ्याच्या रक्तवाहिनीत जाऊन दृष्टी गेल्याच्याही नोंदी आहेत. सुई टोचणाऱ्याकडे हायल्युरॉनिडेज हाताशी आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण नसेल, तर तिथे टोचून घेऊ नका.

मॅसेटर बारीक करण्यासाठी त्यात दिलेल्या बोट्युलिनम टॉक्सिनचा (बोटॉक्सचा) परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तो काही महिन्यांत ओसरतो. चावताना दमणूक, हसण्यात तात्पुरता फरक, गाल किंचित ओघळणं हे त्याचे तोटे. हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डिऑक्सिकॉलिक ॲसिडच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यात सूज बरीच येते आणि सैल कातडीवर त्याचा उपयोग नाही.

११. जीभ टाळूला लावून ठेवणं, च्युइंग गम, जबड्याचे व्यायाम यांनी काही होतं का?

मोठ्या माणसाच्या हाडाचा आकार यांनी बदलतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. सतत चावल्याने मॅसेटर जाड होतो, म्हणजे चेहरा खाली रुंद होतो, आणि सांधा दुखायला लागतो. हाडावर ठोके मारून ते 'घडवण्याचा' प्रकार पसरला आहे. त्याने नस, दात आणि हाड यांना इजा होते, दुसरं काही होत नाही. तो करू नका. वजन जास्त असेल तर ते घटवणं हा मात्र खरा आणि बिनधोक उपाय आहे. ते स्थिर झाल्यावरच पुढचा विचार करावा.

१२. किती दिवसांत कामावर जाता येतं?

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. तेव्हा आरशात बघून घाबरू नका. इम्प्लांटनंतर आठवडा-दहा दिवसांत, हाडाच्या कामानंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत बहुतेक लोक बाहेर पडतात. हाड जुळेपर्यंत, म्हणजे ६ ते ८ आठवडे, धक्का लागेल असा खेळ बंद. कडक खाणं किती दिवस टाळायचं ते ऑपरेशनवर ठरतं. उरलेली बारीक सूज उतरायला ६ महिने ते वर्ष जातं, म्हणून निकाल त्याआधी ठरवू नका.

१३. माझं वय १७ आहे, घरचे तयार आहेत. आत्ताच करू का?

थांबा. जबडा हा चेहऱ्यातला सर्वांत शेवटी वाढ थांबणारा भाग आहे. मुलींत वाढ साधारण १५ ते १७ पर्यंत, मुलांत १८ किंवा त्याही पुढे चालते. वाढत्या हाडावर केलेलं माप नंतर चुकतं. आणि त्या वयात स्वतःच्या चेहऱ्याबद्दलचं मत वर्षभरात बदलतं. चावा बिघडलेला असेल तर मात्र ऑर्थोडॉन्टिस्टला (दातांची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाला) आत्ताच दाखवा, तिथे उशीर नको.

१४. मी सिगारेट ओढतो आणि काही औषधं चालू आहेत. अडचण येईल का?

सिगारेटमुळे जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत पूर्ण बंद. व्हेप आणि निकोटीनच्या गोळ्यांबद्दलही सर्जनला सांगा. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. मधुमेह आटोक्यात हवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेत असाल तर ते न विसरता सांगा. या औषधांमुळे जबड्याचं हाड बरं न होता मृत होण्याचा धोका असतो आणि केवळ दिसण्यासाठी तो पत्करू नये. गरोदरपणात तर हा विषयच पुढे ढकलावा.

१५. माझा चावाही चुकलेला आहे. फक्त हनुवटी करून घेतली तर?

चेहऱ्यावरचा दोष झाकला जाईल, मूळ आजार राहील. खालचा संपूर्ण जबडाच मागे असेल तर योग्य उपाय म्हणजे दातांना तारा लावून मग जबडा हलवणं. यात बरेचदा दीड-दोन वर्षं जातात. काहींना ते नको असतं आणि ते जाणूनबुजून फक्त जेनिओप्लास्टी निवडतात. तोही मार्ग आहे, पण मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या हाडांचे) सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघांचं ऐकून घेतल्यावर. इम्प्लांट बसवून झाल्यावर पुढे जबड्याची शस्त्रक्रिया करायची ठरली तर ते काढावं लागण्याची शक्यता असते.

१६. मी खूप घोरतो. याचा जबड्याशी संबंध आहे का?

असू शकतो. लहान, मागे असलेल्या जबड्यामुळे जीभ घशाकडे सरकते आणि झोपेत श्वासाचा मार्ग अडतो. जबडा पुढे घेतल्याने ती वाट मोठी होते, तर जबडा मागे घेतल्याने अरुंद होऊ शकते. म्हणून पुढे आलेला जबडा मागे घेण्याचा विचार असेल आणि घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं यांपैकी काही असेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे सांगा.

१७. माझा जबडा एका बाजूला वाकडा आहे, आणि अलीकडे तो जास्त वाकडा होतोय असं वाटतं.

थोडा फरक प्रत्येकाच्या चेहऱ्यात असतो. 'जास्त होतोय' हे मात्र वेगळं आहे. सांध्याजवळचं हाड एका बाजूने अवाजवी वाढत असू शकतं. कानाखालच्या लाळग्रंथीची सूजही जबडा रुंद झाल्यासारखी दिसते. जुने फोटो घेऊन जा, निदान करून घ्या, वाढ थांबली आहे याची खात्री होऊ द्या. तोवर कॉस्मेटिक काम करू नये.

१८. ऑपरेशन झालं, पण आवडलं नाही. पूर्ववत करता येईल?

किती करता येईल ते काय केलं होतं त्यावर आहे. इम्प्लांट काढता येतं, पण ताणलेली कातडी आणि स्नायू मूळ जागी बसतीलच असं नाही. सरकवलेली हनुवटी पुन्हा सरकवता येते. कापून टाकलेले कोन आणि काढलेली चरबी परत आणणं कठीण (प्रश्न ५). दुसऱ्या ऑपरेशनला व्रणांचे पापुद्रे आड येतात, नसेचा धोका वाढतो. संसर्ग किंवा उघड चूक नसेल तर निदान ६ महिने थांबा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

१९. सगळे म्हणतात चेहरा छान आहे, पण माझ्या डोक्यातून जबडा जात नाही.

दिवसातले तास त्यात जात असतील, आरसा सतत बघितला जात असेल किंवा मुद्दाम टाळला जात असेल, लोकांत जाणं बंद झालं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शरीराबद्दलच्या अशा अतिविचाराचा विकार सुमारे २ टक्के लोकांत आढळतो आणि कॉस्मेटिक शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत त्याहून जास्त. त्यात ऑपरेशनने बहुधा सुटका होत नाही, लक्ष दुसऱ्या अवयवाकडे वळतं. समुपदेशन आणि औषधांनी मात्र बरं वाटतं. तुमचा त्रास खोटा आहे असं इथे कुणी म्हणत नाही. तो खरा आहे, म्हणूनच त्याला योग्य उपचार मिळायला हवा.

२०. सर्जनला काय विचारू?

हेच ऑपरेशन ते नियमित करतात का, आणि त्यांचे वर्षभरानंतरचे फोटो बघायला मिळतील का. माझ्या सीटी स्कॅनमध्ये नस कुठून जाते ते पडद्यावर दाखवा, असं सरळ म्हणा. काहीच केलं नाही तर काय, आणि इंजेक्शनवर भागेल का, हेही विचारा. काही बिघडलं तर रात्री फोन कुणाला करायचा आणि पुन्हा करावं लागलं तर खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. संगणकावरचं 'नंतरचं' चित्र म्हणजे हमी नव्हे. पहिल्याच भेटीत तारीख पक्की करायची घाई करणाऱ्याकडून उठून यावं.

२१. घरी आल्यावर कुठल्या लक्षणांनी ताबडतोब दवाखाना गाठायचा?

श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास, एका बाजूची सूज अचानक वाढून घट्ट होणं, न थांबणारं रक्त, ताप आणि पू, दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणं, पोटरीत दुखून सूज किंवा छातीत दुखणं. फिलरनंतर कातडी पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, असह्य दुखलं किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

२२. टायटॅनियमच्या प्लेटा आयुष्यभर आतच राहतात का? एमआरआय चालतो का?

बहुतेक वेळा राहतात आणि त्रास देत नाहीत. संसर्ग झाला, स्क्रू सैल झाला किंवा हाताला टोचू लागला तरच काढतात. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे एमआरआय साधारणपणे करता येतो. फक्त जबड्याजवळची प्रतिमा थोडी अस्पष्ट येऊ शकते. तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा.